जुन्या हार्ड डिस्कवरच्या फाइल्स नव्या कॉम्प्युटरवर आणताना

जुनी हार्ड डिस्क नव्या कॉम्प्युटरला जोडली की कधी कधी विंडोज एक चौकट दाखवतं. 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल' असा मजकूर, आणि खाली 'फॉरमॅट डिस्क' व 'कॅन्सल' अशी दोन बटणं. मजकूर इतका ठाम असतो की दुसरा मार्गच नाही असं वाटतं. अशा वेळी डोळे मिटून कॅन्सल दाबायचं. विंडोजला इतकंच म्हणायचं असतं की या डिस्कवरची मांडणी मला ओळखता येत नाही. डिस्क मॅक किंवा लिनक्सवर वापरलेली असेल, तिची फाइलींची अनुक्रमणिका थोडी बिघडली असेल, किंवा केबलच नीट बसली नसेल. आतल्या फाइल्स बहुतेक वेळा जागच्या जागी असतात. फॉरमॅट दाबलं की मात्र जुनी अनुक्रमणिका जाऊन तिच्या जागी कोरी येते, आणि सोपं काम अवघड होऊन बसतं.

या कामात एकच गोष्ट पक्की धरून चालायची: जुनी डिस्क फक्त वाचायची, तिच्यावर काही लिहायचं नाही. फाइल्स हरवल्याच्या ज्या तक्रारी कानावर येतात त्यांत डिस्क आपणहून मेली असं थोड्या वेळा असतं. बऱ्याचदा कोणीतरी मधे तिच्यावर काहीतरी लिहिलेलं असतं. फॉरमॅट केलं, कट-पेस्ट केलं, 'दुरुस्ती' चालवली, जुन्या डिस्कवरूनच कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा सुरू करून पाहिला. ही सगळी लिहिण्याचीच रूपं आहेत. पुढे जे सांगतोय ते हे धरूनच.

सगळ्यात आधी पाहायचं ते जुना कॉम्प्युटर अजून सुरू होतो का. होत असेल तर स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवा. चालू कॉम्प्युटरमधून ज्या काही गोष्टी सहज मिळतात त्या डिस्क बाहेर काढल्यावर मिळत नाहीत, किंवा फार खटपटीने मिळतात. त्या आधी काढून घ्यायच्या.

त्यातली पहिली म्हणजे बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते, सेटिंगमध्ये त्याला 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' म्हणतात. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉग-इन करताना हे कधी सुरू झालं हे वापरणाऱ्याला कळतही नाही. या कुलपाची किल्ली लॅपटॉपच्या मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये असते, म्हणून रोज काही विचारलं जात नाही. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की तिथे ती चिप नसते आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर डिस्क धडधाकट असूनही आतलं काही वाचता येत नाही, कोणालाच. म्हणून लॅपटॉप चालू आहे तोवर ती की शोधा. ती बहुधा त्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या पानावर जपलेली असते. कागदावर उतरवून घ्या. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर फाइल करून ठेवलीत तर उपयोग नाही, हे उघड आहे, पण घाईत हीच चूक होते.

दुसरी गोष्ट पासवर्ड. क्रोम किंवा एजमध्ये साठवलेले पासवर्ड त्या विंडोज अकाउंटच्या किल्लीने बंद केलेले असतात. ब्राउझरचं अख्खं फोल्डर उचलून नव्या कॉम्प्युटरवर ठेवलं तरी ते उघडत नाहीत. त्यामुळे चालू कॉम्प्युटरवरच सिंक करून घ्या, नाहीतर पासवर्डच्या सेटिंगमधून एक्स्पोर्ट करा. एक्स्पोर्ट केलेल्या फाइलमध्ये सगळे पासवर्ड उघडे दिसतात, म्हणून नव्या ठिकाणी आत घेतले की ती फाइल लगेच पुसायची. फायरफॉक्सचं तसं नाही, त्याचं प्रोफाइल फोल्डर नेलं की पासवर्डही बरोबर येतात. (मास्टर पासवर्ड, आता त्याला प्रायमरी पासवर्ड म्हणतात, ठेवला असेल तर तो लक्षात हवा.)

तिसरी गोष्ट हिशेबाची, ग्रंथालयाची किंवा दवाखान्याच्या नोंदींची सॉफ्टवेअर. त्यांचा डेटा कुठे असतो हे बाहेरून कळेलच असं नाही. त्यांच्या मेनूतला 'बॅकअप' वापरा. तीच फाइल नव्या ठिकाणी 'रिस्टोअर' होते.

आणि प्रोग्रॅम? ते कॉपी करून चालत नाहीत. इन्स्टॉल होताना प्रोग्रॅमचे तुकडे बऱ्याच ठिकाणी ठेवले जातात, आणि नोंदी विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या आतल्या नोंदवहीत, होतात. 'प्रोग्रॅम फाइल्स' हे फोल्डर उचलून नेणं म्हणजे वीजजोडणी न घेता फक्त पंखा नेणं. प्रोग्रॅमची यादी करून घ्या, पैसे देऊन घेतलेल्यांच्या लायसन्स की टिपून ठेवा आणि नव्यावर पुन्हा इन्स्टॉल करा.

शेवटी कॉम्प्युटर बंद करताना एक बारीक गोष्ट. विंडोज ८ पासून 'शट डाउन' म्हटल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही. पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून स्वतःची काही अवस्था डिस्कवर गोठवून ठेवतं. याला 'फास्ट स्टार्टअप' म्हणतात. अशा अवस्थेतली डिस्क दुसरीकडे जोडली तर ती अर्धवट उघडी आहे असं दिसतं, आणि लिनक्स तिच्यावर लिहायला नकार देतं. शिफ्ट दाबून धरून 'शट डाउन'वर क्लिक केलं की विंडोज खरोखर बंद होतं.

आता फाइल्स न्यायच्या कशा. दोन्ही कॉम्प्युटर चालू असतील तर एक्स्टर्नल हार्ड डिस्क हा सगळ्यात सरळ मार्ग आहे. जुन्यावरून तिच्यावर, तिच्यावरून नव्यावर. यात वेळ दुप्पट जातो, पण आपसूक तिसरी प्रत तयार होते, आणि मला तो वेळ वसूल वाटतो. ही मधली डिस्क किंवा पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल त्यावर जात नाही. 'जागा पुरेशी नाही' किंवा 'फाइल फार मोठी आहे' असा निरोप येतो आणि माणूस रिकामी जागा बघत गोंधळतो. दोन्हीकडे विंडोज असेल तर मधली डिस्क एनटीएफएस करा, एकीकडे मॅक असेल तर एक्सफॅट. मॅक एनटीएफएस वाचतो, पण त्यावर लिहीत नाही.

नेटवर्कवरूनही नेता येतं. दोन कॉम्प्युटर थेट एका लॅन केबलने जोडले तरी चालतात. दोन्हीकडे गिगाबिट पोर्ट असेल तर सेकंदाला शंभर-एकशे दहा एमबीचा वेग मिळू शकतो. जुन्या मशीनवर १०० मेगाबिटचा पोर्ट असेल तर मात्र अकरा एमबीच्या आसपास. विंडोज एक्सपीचं शेअर केलेलं फोल्डर विंडोज १० किंवा ११ ला दिसत नाही असा अनुभव बऱ्याच जणांना येतो. एक्सपी ज्या जुन्या पद्धतीने बोलतो ती सुरक्षेसाठी आता बंद ठेवलेली असते. ती मुद्दाम उघडण्यापेक्षा एक्सपीच्या मशीनला एक्स्टर्नल डिस्क लावणं बरं. आणि दोन्ही टोकांना सारखाच चपटा यूएसबी प्लग असलेली साधी केबल घेऊन दोन कॉम्प्युटर जोडू नका. त्यातून फाइल्स तर जात नाहीतच, उलट एका मशीनची वीज दुसऱ्यात शिरून पोर्ट जळू शकतो.

वेळेचा अंदाज आधीच घ्यावा. यूएसबी २.० कागदावर ४८० मेगाबिटचं असलं तरी प्रत्यक्षात सेकंदाला ३० ते ४० एमबी देतं. म्हणजे ५०० जीबीला सुमारे चार तास. तीच डिस्क निळ्या यूएसबी ३.० पोर्टला लावली आणि शंभर एमबीचा वेग मिळाला तर दीड तासाच्या आत काम होतं. पण हे मोठ्या फाइलींचं गणित झालं. दहा जीबीचा एक व्हिडिओ भुर्रकन जातो, आणि दहा जीबीच्या दोन लाख बारीक फाइल्स रडत रडत जातात, कारण प्रत्येक फाइलीमागे नाव नोंदवणं, जागा शोधणं, तारीख लिहिणं असतं. 'शिल्लक वेळ' मधेच वीस मिनिटांवरून तीन तासांवर गेला तर घाबरू नका.

कॉम्प्युटर सुरूच होत नसेल तर डिस्क बाहेर काढावी लागते. हे वाटतं तितकं कठीण नाही. वीज बंद करून वायर काढा, लॅपटॉपची बॅटरी काढता येत असेल तर काढा, अंगातली स्थिर वीज जाण्यासाठी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. डेस्कटॉपची डिस्क साडेतीन इंची असते, लॅपटॉपची अडीच इंची. मागचं कनेक्टर पाहिलं की तिची पिढी कळते. पिनांच्या दोन लांब रांगा आणि पट्टीसारखी रुंद केबल असेल तर ती आयडीई, डेस्कटॉपवर ४० पिना, लॅपटॉपवर ४४. एल आकाराच्या खाचेचे दोन चपटे कनेक्टर, एक अरुंद आणि एक रुंद, असतील तर ती साटा. ही २००३ च्या सुमारास आली आणि अजून चालते. च्युइंगगमच्या पट्टीसारखं लांबट कार्ड असेल तर ते एम.२, आणि त्यात परत दोन जाती आहेत, साटा आणि एनव्हीएमई. दिसायला सारखीच. एनव्हीएमईला बहुतेक वेळा एकच खाच असते, साटाला दोन. केसिंग (डिस्क आत बसवून यूएसबीने जोडायची डबी) घेताना कार्डावरच्या लेबलचा फोटो दाखवून त्याच जातीची घ्यायची.

या प्रत्येकासाठी यूएसबी केसिंग किंवा कन्व्हर्टर केबल मिळते. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, ते यूएसबीतून येत नाहीत, म्हणून तिच्या कन्व्हर्टरला वेगळा पॉवर ॲडॅप्टर असतो. जुन्या आयडीई डिस्कच्या पाठीवर एक इवलासा जंपर (दोन पिना जोडणारी टोपी) असतो, तो बहुतेक कन्व्हर्टरांना 'मास्टर' या जागी हवा असतो. जागा कुठली ते डिस्कच्या लेबलवर छापलेलं असतं.

एका जुन्या लॅपटॉपची अडीच इंची डिस्क मी अशीच केबलला लावली, आणि आतून टक्, टक्, टक् असा आवाज यायला लागला. दोन-तीन वेळा फिरायचा प्रयत्न, मग टक्, मग शांतता. डिस्क गेली असंच मला वाटलं. प्लग काढला, थोडा वेळ काही न करता बसलो, मग लक्षात आलं की मी ती कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबी पोर्टला लावली होती, तीही लांब केबलने. फिरायला सुरुवात करताना अडीच इंची डिस्क एक ॲम्पिअरपर्यंत करंट ओढू शकते. यूएसबी २.० पोर्टने द्यायचा करंट आहे अर्धा ॲम्पिअर. मागच्या, मदरबोर्डवरच्या यूएसबी ३.० पोर्टला आखूड केबलने लावली आणि ती एका संथ घुंईसकट सुरू झाली. त्यामुळे टकटक ऐकू आली की आधी पोर्ट आणि केबल एकदा बदलून पाहायची. पण एकदाच. पुरेशी वीज मिळूनही टकटक थांबत नसेल तर आतलं हेड, म्हणजे डेटा वाचणारा-लिहिणारा भाग, अडखळतंय. डेटा साठवणाऱ्या प्लेटा मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरत असतात आणि हेड त्यांच्यापासून जेमतेम काही नॅनोमीटर वर तरंगत असतं. बिघडलेलं हेड अशा वेळी प्लेट खरवडू शकतं. वीज तोडा, आणि आतला डेटा मोलाचा असेल तर डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडे द्या. फ्रीझरमध्ये ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, बाहेर काढल्यावर प्लेटांवर दव धरतं.

डिस्क यूएसबीने जोडायची ती नवा कॉम्प्युटर पूर्ण सुरू झाल्यावर. आतच साटा केबलला लावून कॉम्प्युटर सुरू केला तर दोन गोष्टी होऊ शकतात. बूट क्रमानुसार (कुठल्या डिस्कवरून आधी सुरू व्हायचं त्या क्रमानुसार) कॉम्प्युटर जुन्याच विंडोजवरून सुरू होऊ पाहतो, आणि अनोळखी हार्डवेअर पाहून ते विंडोज ड्रायव्हरांची उलथापालथ करायला लागतं. किंवा नवं विंडोज सुरू होतानाच जुन्या डिस्कची 'तपासणी आणि दुरुस्ती' हाती घेतं. दोन्हींत जुन्या डिस्कवर लिहिलं जातं, तुम्हाला न विचारता.

आता मुख्य प्रश्न. न्यायचं काय? इथे मला सगळ्यात जास्त थांबायचं आहे, कारण माझं नुकसान इथेच झालं. विंडोज एक्सपीच्या एका जुन्या कॉम्प्युटरवरून मी 'माय डॉक्युमेंट्स' घेतलं, फोटो घेतले, डेस्कटॉप घेतला, डी ड्राइव्ह घेतला. सगळं उघडून पाहिलं. मग डिस्क पुसून कॉम्प्युटर देऊन टाकला. दोनेक महिन्यांनी आईने विचारलं, मामाच्या मेल कुठे आहेत? मामा परगावी असताना तिला दर आठवड्याला सविस्तर मेल लिहायचा, आणि त्या आउटलुक एक्सप्रेसमध्ये उतरवल्या जायच्या. सर्व्हरवर त्यांची प्रत राहत नव्हती. त्या फाइल्स होत्या युजरच्या फोल्डरमध्ये, 'लोकल सेटिंग्ज' नावाच्या लपवलेल्या फोल्डरच्या पाच पायऱ्या खाली. मी तिथे गेलोच नव्हतो, कारण ते फोल्डर दिसतच नव्हतं. सहा वर्षांच्या मेल गेल्या. मामाही आता नाही.

म्हणून हे नीट वाचा. तुमच्या फाइल्स फक्त डॉक्युमेंट्समध्ये नसतात. सी ड्राइव्हवर 'युजर्स' नावाचं फोल्डर असतं (एक्सपीमध्ये त्याचं नाव 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज'), त्यात प्रत्येक माणसाच्या नावाचं एक. ते नावाचं फोल्डर अख्खं न्यायचं. नेण्याआधी फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन लपवलेल्या फाइल्स दाखवायला सांगा. मग 'ॲपडेटा' नावाचं फिकट फोल्डर दिसायला लागेल. ब्राउझरचे बुकमार्क, थंडरबर्डच्या मेल, आउटलुकच्या काही फाइल्स, स्टिकी नोट्सच्या पिवळ्या चिठ्ठ्या, बऱ्याच खेळांची प्रगती, सगळं यात. आउटलुकच्या पीएसटी फाइल्स (ज्यांत मेल साठतात) नव्या आवृत्त्यांत डॉक्युमेंट्समध्ये असतात, जुन्यांत इथे. अख्ख्या डिस्कवर पीएसटीचा शोध घेतलात तर सगळ्यात बरं.

युजर्समध्ये 'पब्लिक' हेही एक फोल्डर असतं, तेही पाहायचं. कोणीतरी कधीतरी सी ड्राइव्हवर थेट 'न्यू फोल्डर' करून त्यात महत्त्वाचं ठेवलेलं असतं. स्कॅनर आपल्या फाइल्स स्वतःच्याच नावाच्या फोल्डरमध्ये टाकत असतो. नव्या डिस्कवर जागा असेल तर 'विंडोज' आणि 'प्रोग्रॅम फाइल्स' सोडून सगळंच घ्या. निवडानिवड नंतर, निवांत करता येते. जुनी डिस्क समोर असताना 'हे काय कामाचं' असं ठरवत बसायचं नाही.

विंडोज फोल्डरमधलं एक फोल्डर मात्र नक्की घ्या, 'फॉन्ट्स'. युनिकोड रुळण्याआधी देवनागरीत टाइप केलेली पत्रं, कविता, जाहीर निवेदनं ज्या फॉन्टमध्ये आहेत तो फॉन्ट नव्या कॉम्प्युटरवर नसेल तर सगळा मजकूर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. फाइल बिघडलेली नसते. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात, फॉन्ट गेला की आकार गेले. जुना फॉन्ट इन्स्टॉल केला की अक्षरं परत येतात, आणि मग सवडीने युनिकोडमध्ये बदलता येतात.

दुसऱ्या कॉम्प्युटरच्या डिस्कवरचं युजरचं फोल्डर उघडायला गेलात की 'तुम्हाला परवानगी नाही' असं येतं, खाली 'कंटिन्यू'. कारण असं की विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही, प्रत्येक अकाउंटला एक लांबलचक क्रमांक असतो. नव्या कॉम्प्युटरवर तुमचं नाव तेच असलं तरी क्रमांक वेगळा. कंटिन्यू दाबलं की विंडोज जुन्या डिस्कवरच्या परवानग्या बदलतं, म्हणजे तिच्यावर लिहितं. डिस्क तंदुरुस्त असेल आणि पुन्हा जुन्या मशीनला लावायची नसेल तर चालून जातं. एरवी लिनक्स बरं. उबंटूसारखं लिनक्स पेनड्राइव्हवरून, इन्स्टॉल न करता सुरू करता येतं. ते विंडोजच्या परवानग्यांकडे बघत नाही, आणि जुनी डिस्क 'फक्त वाचण्यासाठी' जोड असं त्याला सांगता येतं. फाइलींची नावं हिरवी दिसत असतील तर मात्र प्रश्न वेगळा आहे. त्या विंडोजनेच कुलूपबंद केलेल्या असतात, आणि जुन्या अकाउंटचं सर्टिफिकेट नेल्याशिवाय उघडत नाहीत. तेही जुनं मशीन चालू असतानाच एक्स्पोर्ट करायचं असतं.

वनड्राइव्हबद्दलही, म्हणजे इंटरनेटवर फाइल्स ठेवण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या सोयीबद्दलही, सांगायला हवं. फाइलच्या नावाशेजारी ढगाचं चिन्ह असेल तर ती फाइल डिस्कवर नाहीच, फक्त तिची पाटी आहे. डिस्क काढून नेलीत तर पाट्याच मिळतील. अशा फाइल्स नव्या कॉम्प्युटरवर त्याच अकाउंटने लॉग-इन करून उतरवून घ्यायच्या.

प्रत्यक्ष कॉपी करताना कॉपी-पेस्टच करायचं, कट कधीच नाही. कट करताना मधे केबल हलली तर काही फाइल्स इकडे, काही तिकडे, आणि कुठल्या कुठे याचा हिशेब लागत नाही. नव्या डिस्कवर आधी आखूड नावाचं एक फोल्डर करा, 'जुना' वगैरे, आणि त्यात टाका. आखूड अशासाठी, की विंडोजमध्ये बऱ्याच ठिकाणी फाइलचा अख्खा पत्ता २६० अक्षरांच्या आत लागतो. आधीच खोल असलेलं फोल्डर आणखी खोलात टाकलं की काही फाइल्स नाकारल्या जातात.

डेटा फार असेल तर साधी कॉपी मधेच एखाद्या फाइलवर अडून बसते आणि रात्रभर 'ट्राय अगेन की स्किप' विचारत राहते. विंडोजमध्येच रोबोकॉपी नावाची कमांड आहे, व्हिस्टापासून. ती अडलेली फाइल नोंदवून पुढे जाते, मधे थांबली तर पुन्हा चालवल्यावर उरलेलंच कॉपी करते, आणि काय राहिलं याची यादी लिहून देते. पण तिला दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्या लागतात. एक म्हणजे अडलेल्या फाइलवर किती वेळा प्रयत्न करायचा. न सांगितलं तर ती दहा लाख वेळा करते, दर वेळी तीस सेकंद थांबून. एक प्रयत्न, एक सेकंद एवढं पुरतं. दुसरं म्हणजे जंक्शन वगळायचे. युजरच्या फोल्डरमध्ये काही फोल्डर नुसते बाण असतात, त्यातला एक स्वतःकडेच परत नेतो, आणि कॉपी त्याच चक्रात फिरत बसते. आणि 'मिरर' हा पर्याय वापरू नका. तो दोन्ही बाजू सारख्या करण्यासाठी जिथे टाकायचं तिथल्या जास्तीच्या फाइल्स पुसतो. पत्ते उलटे लिहिले गेले तर जुनीच डिस्क रिकामी होते.

डिस्कची तब्येत आधी पाहून घ्यावी. प्रत्येक डिस्क स्वतःच्या बिघाडांची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं मोफत सॉफ्टवेअर ती दाखवतं. 'रिअलोकेटेड' आणि 'पेंडिंग' सेक्टर (डिस्कचे खराब झालेले किंवा संशयित बारीक कप्पे) शून्य नसतील, आणि आकडा पाहता पाहता वाढत असेल, तर फाइल-फाइल कॉपी करत बसू नका. अशा डिस्कवर विंडोजचं दुरुस्तीचं साधन चेकडिस्क तर मुळीच चालवू नका. चेकडिस्कचं काम डिस्क वापरण्याजोगी करणं, तुमच्या फाइल्स वाचवणं हे त्याचं काम नव्हे. जुळत नाहीत ते तुकडे ते नावं काढून 'फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये टाकतं. अशा वेळी लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू वापरायचं. ते अख्ख्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल असलेली एक मोठी फाइल, काढतं. आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतं आणि खराब जागांकडे शेवटी वळतं. कुठवर आलो याचा नकाशा ठेवतं, त्यामुळे मधे थांबवून डिस्क थंड झाल्यावर पुढे चालू करता येतं. मग जे काही प्रयोग करायचे ते त्या प्रतिमेच्या प्रतीवर. फक्त प्रतिमा ठेवायला जुन्या डिस्कच्या पूर्ण क्षमतेपेक्षा जास्त रिकामी जागा लागते, आतला डेटा कितीही थोडा असो.

कॉपी संपली म्हणजे काम संपलं नाही. जुन्या आणि नव्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज पाहा. फाइलींची संख्या आणि 'साइज' जुळायला हवी. 'साइज ऑन डिस्क' जुळणार नाही, ते दोन डिस्कांच्या कप्प्यांच्या मापावर ठरतं, तिकडे दुर्लक्ष करा. आतलं अक्षरन् अक्षर जुळतं का हे पाहायचं असेल तर फ्रीफाइलसिंकमध्ये 'कंटेंट'नुसार तुलना करता येते. वेळ लागतो, पण ती रात्री लावून झोपता येतं. मग प्रत्येक प्रकारच्या चार-दोन फाइल्स उघडून बघा. सगळ्यात जुना फोटो, सगळ्यात मोठा व्हिडिओ, एखादी मेल. व्हिडिओ शेवटापर्यंत सरकवून पाहा, कारण अर्धवट आलेला व्हिडिओही सुरुवातीला छान चालतो. घरात ज्या ज्या माणसाने तो कॉम्प्युटर वापरला त्या प्रत्येकाला बसवून विचारा, तुझं काय काय होतं? हे मी त्या वेळी आईला विचारलं असतं तर मेल आज असत्या.

फाइल्सच्या तारखा बदललेल्या दिसतील. कॉपी केल्यावर 'क्रिएटेड' ही तारीख आजची होते, 'मॉडिफाइड' मात्र जुनीच राहते. फोटो काढल्याची तारीख फोटोच्या आतच लिहिलेली असते, तिला काही होत नाही.

जुनी डिस्क लगेच पुसू नका. सहा महिने तरी राहू द्या, मी वर्षभर ठेवतो. या काळात वर्षातून एकदाच लागणाऱ्या गोष्टी, कराचे कागद, विम्याच्या पावत्या, आठवून जातात. फिरत्या प्लेटांची डिस्क मऊ वेष्टनात, कोरड्या जागी चांगली टिकते. एसएसडी (फिरत्या प्लेटा नसलेली, चिपांची डिस्क) असेल तर तिच्या पेशींचा चार्ज विजेशिवाय वर्षानुवर्षं राहत नाही, हळूहळू विरतो, म्हणून तिच्या भरवशावर फार काळ राहू नका.

डिस्क कोणाला द्यायचीच असेल तर 'क्विक फॉरमॅट' पुरत नाही. त्यात अनुक्रमणिका कोरी होते, मजकूर तसाच राहतो आणि साध्या सॉफ्टवेअरनेही परत काढता येतो. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट केलं की सगळीकडे शून्यं लिहिली जातात, फिरत्या डिस्कसाठी तेवढं एकदा बस. एसएसडीवर हा उपाय भरवशाचा नाही, कारण कुठे लिहायचं हे ती स्वतःच ठरवते. तिच्यासाठी उत्पादकाच्या सॉफ्टवेअरमधला 'सिक्युअर इरेज' वापरायचा.

आणि ठेवून देणार असाल तर डिस्कवर कागद चिकटवा. माझ्या डिस्कांवर असं लिहिलेलं असतं: कोणाच्या कॉम्प्युटरची, काढल्याची तारीख, कुठल्या पद्धतीने फॉरमॅट केलेली, नव्या कॉम्प्युटरवर कुठल्या फोल्डरमध्ये उतरवली, कोणी कोणी तपासून 'माझं सगळं आलं' म्हटलं त्यांची नावं. रिकव्हरी की तिथे लिहीत नाही, ती कुठल्या वहीत आहे तेवढं लिहितो.